फरासिसाच्या घराची हकीकत

इसहाक चाचा,

काल जुम्म्याची नमाज झाल्यावर तुमच्या गाळ्याचं कुलूप मी उघडलं. चाळीस दिवस ते बंद होतं. किल्ली माझ्याच खिशात होती, पण ऑफिसातून परतताना मी सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, बाहेरून वळसा घालून जात होतो. दार ढकललं तर चामड्याचा, मेणाचा आणि राळेचा वास आत तसाच होता. आरी तुम्ही ठेवली होती तशीच होती, टोक भिंतीकडे करून. टोक माणसाकडे करून आरी ठेवायची नाही, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

वाटलं होतं, आत गेलो की रडू येईल. आलं नाही. तुमच्या समोरच्या खोक्यावर बसलो, जिथे मी बारा वर्षं दर जुम्म्याला बसत आलो, आणि आपलं एक भांडण अर्धं राहिलंय हे आठवलं. ते तुमच्याशीच बोलायला हवं.

गावाकडच्या एका मासिकाने तुमच्याविषयी लिहून मागितलं आहे. जन्म कधी, शिक्षण किती, मागे कोण, असं काही त्यांना हवं असेल. जन्म कधी ते तुम्हालाच ठाऊक नव्हतं. शिक्षणाची तुम्ही माझ्या तोंडावर जी थट्टा केलीत ती मला लिहावीच लागेल, पण ती पुढे येईल. त्यांना मी हेच पाठवीन. छापायचं तर छापतील.

पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. मुंबईची आगबोट कतारमधल्या दोह्याच्या किनाऱ्यापासून लांब उभी राहायची, कारण मोठी बोट लागेल असा धक्का तेव्हा इथे नव्हता. लाँच जवळ आणून सोडायची आणि शेवटची पन्नास-साठ पावलं पाण्यातून चालायची. मी सर्टिफिकेटांची पिशवी डोक्यावर धरली, चपला हातात घेतल्या, आणि किनाऱ्याला लागलो तेव्हा हातात एकच चप्पल होती. दुसरी कधी सुटली ते कळलंच नाही. अशा अवस्थेत कुणीतरी सांगितलं, सूकमध्ये दापोलीकडचा एक मोची बसतो, मराठी बोलतो, त्याच्याकडे जा.

मी चप्पल पुढे केली. "हिच्या जोडीची एक शिवून मिळेल का?"

तुम्ही चपलेकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "एकच? म्हणजे तू आमच्या सार्जंटच्या खानदानातला दिसतोस."

"कोण सार्जंट?"

"सांगतो. बस आधी. गाव कुठलं?"

"खेडजवळ."

"शिकलास किती?"

"बीए झालो. रत्नागिरीला."

"बीएला किती वर्षं लागतात?"

"मॅट्रिकनंतर चार."

"चार वर्षांत मी अख्खा बूट शिवायला शिकलो," तुम्ही म्हणालात. "त्यात पाय तरी घालता येतो."

त्या दिवसापासून माझं नाव हमीद राहिलं नाही, बीए झालं. माझ्या घराण्यात मॅट्रिक होणारासुद्धा मी पहिला. गावी लोक ते नाव आदराने घेत, आणि तुम्ही ते घेताना नेहमी तोंडात खिळे धरलेले असत.

दोन दिवसांनी तेलाच्या कंपनीच्या ऑफिसात मला बोलावलं होतं. हे कळल्यावर तुम्ही चपलेचं काम बाजूला ठेवलंत. "साहेब तुझ्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघेल," म्हणालात आणि जमिनीवर कागद पसरलात. मी त्यावर उभा राहिलो. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस गुडघे टेकून माझ्या पायाभोवती पेन्सिल फिरवतो आहे हे मला सहन झालं नाही, मी पाय आखडला. तुम्ही पोटरीवर एक चापट दिलीत. "पाय मागे घेऊ नकोस. पाय लाजला की माप चुकतं."

ते माझ्या आयुष्यातले पहिले बंदांचे बूट. बंद बांधता येत नव्हते, तेही तुम्ही बांधून दिलेत. साहेबाने पायांकडे पाहिलं की नाही ते मला आठवत नाही, कारण मी स्वतःच सारखा पाहत होतो. नोकरी लागली. पुढे जे काही झालो, गावी घर बांधलं, धाकट्या दोघांना शिकवलं, ते सगळं त्या बुटांतून चालत गेलो म्हणून. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "सोल बदलायला आलाय, टाच दाखव."

तुमच्या घराची हकीकत मी जुम्म्यांच्या दुपारी ऐकली, तुकड्या-तुकड्यांनी, गिऱ्हाइकाच्या मधून मधून. आज ती सलग मांडायला बसलो तर कळतं की तुम्ही कधीच सलग सांगितली नव्हती.

तुमचे पणजोबा फ्रान्समधल्या कुठल्याशा गावच्या मोच्याचे धाकटे पोर. भाऊ पाच आणि कलबुतांचा संच एकच. कलबूत म्हणजे बूट ज्यावर ताणून शिवतात तो लाकडी पाय. तो ज्याच्याकडे, दुकान त्याचं. म्हणून धाकट्याने जहाज धरलं. पाँडिचेरीला येऊन आपल्या लोकांच्या पलटणीचे बूट शिवले, तिथे तापाने हैराण झाले, तिथून मुंबई, आणि मुंबईहून तारवाने हर्णै बंदर. हर्णैहून डोंगर चढून दापोली. दापोलीला अजूनही जुनी माणसं कँप म्हणतात. तेव्हा तो खराच कँप होता. पेन्शनीत निघालेले गोरे शिपाई बायकापोरांसह तिथे राहत, त्यांचं चर्च होतं, त्यांचं कब्रस्तान होतं, बूट शिवणारा मात्र कुणी नव्हता.

तरी फरासिसाकडून, म्हणजे फ्रेंच माणसाकडून, बूट घ्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं. त्यांच्यातल्या कित्येकांचे बाप आणि चुलते फरासिसांशी लढले होते. पणजोबा वाट पाहत बसले. दापोलीची तांबडी माती आणि जांभा दगड कुठल्याच इंग्रजी तळव्याला वर्षभर टिकू देत नाही.

पहिलं गिऱ्हाईक तो सार्जंट. त्याचा डावा पाय लाकडाचा होता. त्याने उजवा बूट सांगितला. पणजोबांनी दोन शिवून ठेवले. सार्जंट म्हणाला, मला एकच लागतो. पणजोबा म्हणाले, माझा हात एक शिवत नाही, दुसरा भिंतीला लाव. आणि म्हणे त्याने खरंच लावला. तो मेल्यावर त्याच्या बायकोने तो डावा बूट परत आणून दिला.

"चाचा, याला पुरावा काय?" मी विचारायचो. कॉलेजात इतिहास घेतला होता, पुराव्याशिवाय मला चैन पडत नसे. "कुठल्या दप्तरात नोंद आहे का? त्या सार्जंटचं नाव काय?"

"नाव तू विचारून ये. दफन झाला तेव्हा त्याच्या एका पायात आमचा बूट होता."

"म्हणजे पुरावा नाही."

"बीए, तुझ्या त्या इतिहासातल्या राजांच्या पायांत काय होतं, हे तुला माहीत आहे का? नाही ना? मग गप्प बस आणि ती राळ इकडे दे."

पुढे कँप रिकामा होत गेला. गोरे मेले किंवा गेले, पणजोबा राहिले. हर्णैच्या एका खलाशाच्या विधवेशी त्यांनी निकाह केला आणि इस्माईल झाले. लोक मात्र त्या घराला फरासिसाचं घरच म्हणत राहिले. तुम्हाला सगळ्यात आवडायची ती मशिदीच्या पायरीची गोष्ट. आत जमात उभी राहायची आणि पणजोबा पायरीवर बसून बुटांचे बंद सोडत असायचे. पाच वेळा सोडायचे, पाच वेळा बांधायचे. शेवटी इमामसाहेब म्हणाले, "इस्माईलमियाँ, कयामतीच्या दिवशी तरी वेळेवर या." त्यावर त्यांनी घोट्याखाली कापलेला, मागून नरम, बिनबंदाचा जोडा काढला. पाय सरकवला की आत, झटकला की बाहेर.

याच जोड्याने तुम्हाला दोह्यात जगवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसलं तरी मला खरं वाटतं. तुम्ही आधी दुखानच्या तेलाच्या कँपात गोऱ्यांचे बूट दुरुस्त करत होता. मग सूकमध्ये गाळा घेतलात आणि उत्तम बंदांचे बूट मांडून बसलात. सहा महिने एकही गेला नाही. इथे माणूस मशिदीत जाताना पायताण काढतो, मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, शिरताना काढतो, दुपारी पडताना काढतो. मग तुम्ही पणजोबांचा बिनबंदाचा जोडा शिवून दर्शनी ठेवलात. एक म्हातारा अरब व्यापारी आला, पाय घातला, काढला, परत घातला, आणि म्हणाला, "खलास." एवढंच. दुसऱ्या दिवशी मुलगे घेऊन आला.

आणखी एक गोष्ट तुम्ही सांगायचात. तेव्हा मी ती नीट ऐकली नाही. तुमच्या घरात नियम होता की ज्याने टाका चुकवला त्यानेच तो उसवायचा. तुमच्या आजोबांचा एकदा तळाच्या शिवणीत टाका हुकला आणि ते खेडला लग्नाला निघून गेले. गिऱ्हाईक दारात येऊन बसलं. पणजोबा स्वतः घरात होते, त्यांच्या हाताला ते काम चार मिनिटांचं. त्यांनी जोड्याला हात लावला नाही. निरोप गेला, मुलगा खेडहून चालत आला, टाका उसवला, परत घातला आणि पुन्हा लग्नाला गेला. "दुसऱ्याने निस्तरलेली चूक निस्तरत नाही," तुम्ही म्हणायचात, "फक्त दिसेनाशी होते."

मी म्हणालो होतो, "फार गैरसोयीचा नियम आहे."

आता त्या पत्राविषयी लिहितो.

तुमची एकुलती एक मुलगी जुलेखा हिच्यासाठी बाणकोटहून स्थळ आलं. तारवं बाळगणाऱ्यांचं घर, मुलगा दाऊद इंजिनांचं काम शिकलेला. त्यांच्याकडचा रिवाज असा की मुलीच्या बापाने घराण्याची हकीकत आपल्या सहीने लिहून पाठवायची, आणि ती निकाहच्या आधी बैठकीत वाचली जायची. तुम्हाला सही येत होती, लिहिणं येत नव्हतं. ऑफिसातून एक चांगला कागद घेऊन मी आलो. तुम्ही हात धुतलेत, आरी बाजूला ठेवलीत आणि सांगितलंत:

"लिही. माझा पणजोबा परमुलखातून आलेला मोची होता. आजा मोची, बाप मोची, मी मोची. आमच्या घरात शिवलेला जोडा कुणाच्या पायाला लागला असेल, पण पायात उसवला नाही. मुलीला कुराण वाचता येतं आणि टाका घालता येतो. एवढं पुरत असेल तर या."

मी मान खाली घालून लिहीत होतो. कागदावर लिहिलं ते असं: "आमचे पूर्वज फ्रान्स देशातून येऊन दापोली येथे स्थायिक झालेले पादत्राणांचे प्रतिष्ठित व्यापारी असून लष्करास माल पुरवीत असत." पुढेही अशीच चार वाक्यं. मला ती सुंदर वाटली. तुम्हाला काय हवं आहे हे तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं असं मला वाटलं. तारवंवाल्यांच्या बैठकीत मोची हा शब्द चार वेळा वाचला गेला तर काय होईल, हे मी माझ्या मनाने ठरवून टाकलं होतं.

"वाचून दाखव," तुम्ही म्हणालात.

मी कागद समोर धरला आणि तुम्ही सांगितलेलं वाचलं. लिहिलेलं वाचलं नाही. तुमचे शब्द मला पाठ झाले होते, एकही चुकला नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. "बरोबर," म्हणालात. "यल्ला, पाकिटात घाल." आणि सही केलीत.

तुम्ही निकाहला गेलात, दोन महिन्यांनी परतलात. माझ्या खोलीवर आलात, कोकमं आणि सुके बोंबील माझ्या हातात दिलेत, बसलात, पाणी प्यायलात.

"पत्र छान वाचलं त्यांनी. बैठकीत, सगळ्यांसमोर."

मी कोकमं डब्यात भरू लागलो.

"पादत्राणांचे व्यापारी म्हणजे काय रे, बीए?"

"चाचा, घर मोठं आहे. मला वाटलं, जुलेखाला पुढे कुणी टोमणा मारू नये."

"तुला माझ्या हातांची लाज वाटली का?"

"मला नाही. त्यांना वाटेल म्हणून."

"हं," तुम्ही म्हणालात. "दुसरं पत्र लिही."

"आता? लग्न झालंय. आता लिहिलं तर तिला सासरी ऐकून घ्यावं लागेल. म्हणतील, बापाने फसवलं."

"टाका कुणी चुकवला?"

"मी."

"मग?"

तुम्ही उठलात आणि गेलात. बोंबील मी आठ दिवस तसेच ठेवले.

त्यानंतर सात वर्षं. तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलं नाहीत. मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर पेज तुम्ही आणून देत होता. वर्षातून एकदा माझ्या बुटांचा तळ बदलत होता, न सांगता. पण दोन्ही ईदांना गळाभेट झाली की कानाशी विचारायचात, "लिहिलंस का?" आणि मी म्हणायचो, "लिहितो, इन्शाल्ला." एकदा मात्र मी चिडलो. भर दुपारी, तुमच्या गाळ्यात, गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "तुमच्या हट्टापायी पोरीचा संसार मोडेल, मग बसा टाके उसवत."

तुम्ही गिऱ्हाइकाला आधी वाटेला लावलंत. मग म्हणालात, "तुमच्या ऑफिसातला प्यून आला होता. सांगत होता, हमीदसाहेबांच्या वडिलांची जहाजं आहेत."

"मी फक्त शिपिंगमध्ये आहेत म्हणालो होतो. जहाजं त्याने वाढवली."

"तुझा बाप तारवावर पंचवीस खलाशांच्या भाकऱ्या भाजतो. त्या धुरातून तू बीए झालास." तुमचा आवाज जराही चढला नव्हता. "माझं पत्र राहू दे. पण तू त्या दिवशी पाय आखडलास तो अजून आखडलेलाच आहे."

मी उठून गेलो. पुढचे दोन जुम्मे आलो नाही. तिसऱ्या जुम्म्याला आलो तेव्हा खोक्यावर माझ्यासाठी चहा होता, झाकण ठेवलेला. म्हणजे आधीच्या दोन्ही जुम्म्यांना तुम्ही तो ठेवलाच असणार. त्या दिवशी मी पत्राविषयी बोललो नाही, तुम्हीही नाही.

खरं सांगायचं तर मी पत्र लिहायला बऱ्याचदा बसलो. प्रत्येक वेळी जुलेखाचा चेहरा समोर येई, म्हणजे तिचा फोटो, कारण तिला मी कधी पाहिलंच नाही. वाटायचं, माझ्या चार ओळींनी तिच्या घरात वादळ होईल. तुमच्यापासून मी तिला वाचवतो आहे, असं मी स्वतःला सात वर्षं सांगत होतो. या समजुतीत सोय होती.

मग तुम्ही गेलात. असरच्या नमाजाआधी, बसल्या जागी, मांडीवर अर्धा शिवलेला जोडा. शेजारच्या अत्तरवाल्याला वाटलं, डुलकी लागली आहे. मय्यतीला गर्दी झाली. तो म्हातारा अरब व्यापारी आता नव्हता, पण त्याचे मुलगे आले होते, आणि कब्रस्तानच्या दाराशी काढून ठेवलेल्या पायताणांत मी बिनबंदाचे जोडे पाहत राहिलो. सत्तावीसपर्यंत मोजले आणि मग मोजणं सोडलं. ईद वीस दिवसांवर होती. माझं "इन्शाल्ला" तसंच उरलं.

गेल्या आठवड्यात तुमचा जावई दाऊद आगबोटीने आला, तुमचं सामान न्यायला. पस्तिशीचा, उंच, शांत माणूस. काल त्याच्यासाठीच मी गाळा उघडला. तो कलबुतांच्या पेटीपाशी बसला, एकेक कलबूत काढून पुसू लागला, आणि मी समोरच्या खोक्यावर बसून सगळं बोलून टाकलं.

"दाऊदभाई, तुमच्या निकाहच्या बैठकीत वाचलेलं पत्र मी लिहिलं होतं. त्यात खोटं होतं. चाचांनी तसं सांगितलं नव्हतं. ते व्यापारी नव्हते."

दाऊद पुसतच राहिला. "ते होय," म्हणाला. "ते तर त्याच दिवशी मिटलं."

"म्हणजे?"

"पत्र वाचून झालं आणि सासरे उभे राहिले. म्हणाले, लिहिणारा पोरगा तरणा आहे, त्याच्या हातून एक शब्द चुकला. आम्ही मोची. पणजोबापासून मोची. ज्याला उठून जायचं असेल त्याने आत्ता जावं, नंतर मुलीला बोलू नये. माझे चुलते तर उठायच्या बेतात होते. सासऱ्यांनी त्यांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, मियाँ, जाताय तर जा, पण उजव्या चपलेचा पट्टा सुटलाय, पायरीवर पडाल. आणि खिशातून आरी काढली."

"निकाहला आरी घेऊन गेले होते?"

"ते कुठे नेत नव्हते? तिथेच बैठकीत बसून पट्टा शिवला. चुलते एका पायावर उभे. कुणाला हसावं की नाही कळेना. तेवढ्यात पडद्यामागून माझी आजी ओरडली, त्या व्याह्यांना म्हणावं माझ्याही चपलेचा अंगठा तुटलाय, तीन महिने या घरात कुणी बघत नाही. झालं. निकाह व्हायच्या आधी सहा-सात जणांच्या चपला झाल्या. चुलते आता सगळ्यांना सांगतात, आमचे व्याही फ्रान्सचे मोची."

मी खोका त्याच्याजवळ सरकवला. मग विचारलं, "हे त्यांनी मला सांगितलं का नाही? सात वर्षं माझ्याकडे दुसरं पत्र मागत होते."

"जुलेखाने विचारलं होतं. ती म्हणाली, बाबा, त्या हमीदभाईंना कळवा, उगाच मनाला लावून घेत असतील." दाऊदने कलबूत पेटीत ठेवलं. "तर म्हणाले, तो टाका माझा नाही."

चाचा, मी तुमच्यावर रागावलो आहे. कालपासून रागावलो आहे आणि राग धरून ठेवता येत नाही. सात वर्षं तुम्ही एका शब्दाने मला मोकळं करू शकत होता. तुमच्या हाताला ते काम चार मिनिटांचं होतं. तुम्ही हात लावला नाहीत आणि मी खेडहून चालत यायची वाट पाहिलीत. मी आलो, पण उशिरा आलो. तुम्ही असताना आलो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता तेही मला ठाऊक आहे. "बस. टाच दाखव."

जाताना मी दाऊदला सार्जंटच्या डाव्या बुटाविषयी विचारलं, सहज, गोष्ट म्हणून.

"तो? तो आमच्या माडीवर आहे. जुलेखाने माहेरून आणला. लाकडासारखा कडक झालाय. पोरं त्यात गोट्या ठेवतात."

म्हणजे पुरावा होता. बारा वर्षं मी पुरावा मागत होतो, आणि तुम्ही माझ्याकडून राळ मागत होता.

आज सकाळी ऑफिसात मी माझी सर्व्हिसची फाइल मागवून घेतली. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी पहिल्या दिवशी जे लिहिलं होतं ते खोडलं आणि लिहिलं, तारवावर स्वयंपाकी. हेडक्लार्कने विचारलं, इतक्या वर्षांनी कशाला? मी म्हटलं, टाका चुकला होता. त्याला कळलं नाही. सही मात्र केली.

दाऊदची बोट परवा आहे. पेटी बांधून झाली. तिच्यात वरती ठेवायला एक कागद मी तयार केला आहे, जुलेखाच्या पोरांसाठी. त्यांना आज वाचता येत नसलं तर उद्या येईल. सही तुमची नाही, ती आता मिळणार नाही. खाली मी माझं नाव घातलं आहे आणि लिहिलं आहे की हे इसहाक चाचांनी सांगितलं, हमीदने लिहिलं, आणि पहिल्या वेळी चुकीचं लिहिलं.

पाकिटात घालायच्या आधी वाचून दाखवतो. तुमच्या समोरच्याच खोक्यावर बसलो आहे. डोळे मिटा हवे तर. या वेळी कागदावर जे आहे तेच वाचतो आहे.

"माझा पणजोबा परमुलखातून आलेला मोची होता. आजा मोची, बाप मोची, मी मोची. आमच्या घरात शिवलेला जोडा कुणाच्या पायाला लागला असेल, पण पायात उसवला नाही."